मधल्या ड्रमांची रांग

कारखान्यात त्यांना सगळे नाकदादा म्हणत. पहिल्यांदा येणारा माणूस हे नाव ऐकून आधी त्यांच्या नाकाकडे बघायचा आणि मग थोडा हिरमुसायचा. नाक अगदी साधं होतं. धारदार नाही, बसकं नाही, शेंडा तेवढा किंचित लाल. पण कारखान्यातला निम्मा माल त्या नाकाच्या भरवशावर बाहेर पडत होता.

कारखाना छोटा, शहर जिथे संपतं तिथे. रंगवाले, शाईवाले, गोंदवाले आपली यंत्रं ज्या द्रवांनी धुतात ते द्रव घाण झाले की ड्रममधून इथे यायचे. इथे ते वेगवेगळे करून, स्वच्छ करून त्यांनाच परत विकायचे. रंगाचा गाळ खाली बसतो, त्याची अडचण नव्हती. अडचण होती ती दोन स्वच्छ द्रवांची. एक ॲसिटोन, नखांचा रंग पुसायला वापरतात ते. दुसरं टोल्युइन, रंग पातळ करायला लागतं ते. दोन्ही दिसायला पाण्यासारखी आणि एकदा मिसळली की सख्ख्या भावांसारखी. गाळून बघा, महिनाभर ठेवून बघा, एकमेकांना सोडणार नाहीत.

त्यांना वेगळं करायचं तर उकळावं लागतं, आणि तेही नुसतं उकळून भागत नाही. खाली केटल, म्हणजे मोठा बंद हंडा. त्याच्यावर दोन मजले उंच लोखंडी नळकांडं, त्याला कॉलम म्हणायचे. कॉलममध्ये पत्र्याच्या बोटभर अंगठ्या ठासून भरलेल्या. केटल तापली की मिश्रणाची वाफ वर चढते, अंगठ्यांवर आदळते, थोडी थेंब होऊन खाली पडते, थोडी पुढे जाते. ॲसिटोन हलक्या पायाचं, छप्पन अंशांना उठून चालायला लागतं. टोल्युइन जड बुडाचं, एकशेदहाच्या आधी त्याला उठवणं कठीण. त्यामुळे दर अंगठीला टोल्युइन थोडं खाली घसरतं आणि ॲसिटोन थोडं वर सरकतं. अशी चढउतार पुन्हा पुन्हा होत होत कॉलमच्या टोकाला निव्वळ ॲसिटोन पोचतं. तिथे गार पाण्याच्या नळ्यांवर त्याचा पुन्हा द्रव होतो आणि एका काचेआडून धार खाली येताना दिसते.

त्या काचेखाली नाकदादांचं राज्य होतं. तिथे दोन व्हॉल्व्ह. एक फिरवला की धार परत कॉलममध्ये जाते, दुसरा फिरवला की ड्रममध्ये. बॅच सुरू झाली की नाकदादा बराच वेळ एक थेंबही बाहेर काढत नसत. वर आलेलं सगळं परत आत. याला रिफ्लक्सवर ठेवणं म्हणतात. आतली मंडळी आपापल्या जागी नीट बसली की मग ड्रमचा व्हॉल्व्ह. आधी ॲसिटोनचा ड्रम. ॲसिटोन संपत आलं की मधला ड्रम, कारण त्या वेळी येतं ते धड हेही नसतं आणि धड तेही नसतं. मग टोल्युइनचा ड्रम. मधला माल पुढच्या बॅचमध्ये पुन्हा केटलमध्ये जायचा.

सगळी मेख होती ती कधी फिरवायचं यात. उशीर झाला तर चांगल्या ड्रममध्ये दुसरं घुसतं आणि ड्रम नासतो. घाई झाली तर चांगला माल मधल्यात जातो. कॉलमच्या टोकाला थर्मामीटर होता, पण तो शिळी बातमी द्यायचा. लॅबमध्ये मशीन होतं, ते अचूक सांगायचं, पण त्याला अर्धा तास लागायचा. "आणि माल काय तुमच्यासाठी थांबून राहतो?" असं नाकदादा विचारायचे. या प्रश्नाला कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं. म्हणून नाक. तळहातावर चार थेंब घ्यायचे, दोनदा हुंगायचं, डोळे मिटायचे आणि फिरवायचं. लॅबचा कागद मागाहून यायचा आणि दर वेळी नाकाचीच री ओढायचा.

नाकदादा इथे ड्रम धुवायला लागले होते. एकदा कॉलमवरचा जुना माणूस डुलक्या घेत असताना त्यांनी ड्रम लोटता लोटता म्हटलं, "दुसरं आलं बघा." जुन्या माणसाने शिवी दिली. लॅबने सांगितलं, खरंच दुसरं आलं होतं. जुना माणूस पुढे चौकीदार झाला आणि नाकदादा कॉलमवर चढले ते चढलेच. नाकाला ते घरच्या दागिन्यासारखे जपत. कामावर जाताना कच्चा कांदा नाही, थंडीत मफलर कानाला नाही तर नाकाला. बायको घरी शिवणकाम आणि इस्त्रीचं काम करायची. ती शेजारणींना सांगायची, "लग्न ठरवताना म्हणाले होते, मुलगा केमिकलमध्ये आहे. आता केमिकल मुलात आहे." त्यांचे कामाचे कपडे ती वेगळ्या दोरीवर वाळत घालायची.

त्या वर्षी नाकदादांना पडसं झालं. पडसं आलं तसं गेलं, पण जाताना वास घेऊन गेलं.

हे आधी त्यांच्या लक्षातच आलं नाही. कॉलमवर हाताला थेंब लावला तर काहीच कळेना. त्यांना वाटलं, नाक अजून चोंदलेलं असेल. मग एका रविवारी बायको इस्त्री टेबलावर ठेवून दार उघडायला गेली आणि शेजारणीशी बोलत उभी राहिली. नाकदादा बाजूलाच पेपर वाचत बसले होते. ती परत आली तेव्हा खोलीत धूर होता आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी भोक पडलं होतं.

"अहो! हातभरावर शर्ट जळतोय आणि तुम्ही पेपर वाचताय? नाक गहाण टाकलंय की काय?"

"माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष कशाला लागतं? नाक लागतं! वेशीवरून येणाऱ्याला कळलं असतं!"

नाकदादांनी तो शर्ट नाकाशी धरला. मग उशी धरली. मग बायकोच्या डोक्याच्या तेलाची बाटली. बायको बघत होती. ती काही बोलली नाही, आणि ही गोष्ट नाकदादांना शर्टापेक्षा गंभीर वाटली.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि काम काय करता ते विचारलं. नाकदादांनी सांगितलं.

"हातावर घेऊन हुंगता? रोज?"

"रोज."

"किती वर्षं?"

"मुलगी झाली त्याच्या आधीपासून. आता तिला मुलगी आहे."

"मग ते परत येईल असं धरून चालू नका."

"साधारण किती दिवस लागतील?"

"मी आत्ता काय म्हणालो ते ऐकलंत का?" डॉक्टर म्हणाले.

नाकदादांनी ऐकलं होतं. घरी येताना त्यांनी नीट विचार केला. नाकदादांमधून नाक गेलं की उरतो नुसता दादा, आणि दादा तर ड्रम धुण्याच्या ओट्यावर ढीगभर होते. आजवर एवढे चढून आलो ते पुन्हा ओट्यावर, रबरी बूट घालून. त्यांनी बायकोला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू." ती म्हणाली, "बरं." आणि शिवणयंत्र जोरात चालवायला लागली.

कारखान्यात त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. काम मात्र करायचंच होतं, आणि त्याला त्यांनी एक तोड काढली. ॲसिटोन कधी संपत येतं याचा अंदाज त्यांना इतक्या वर्षांत झोपेतही होता. पण अंदाजच तो. मग त्यांनी काय केलं, तर अंदाजाच्या बरंच आधी मधला ड्रम लावायचा आणि अंदाजाच्या बरंच नंतर काढायचा. शंका आहे तिथे मधला. चांगल्या ड्रममध्ये शंकेला जागाच नाही. हातावर थेंब घेणं, हुंगणं, डोळे मिटणं, सगळं पूर्वीसारखंच चालू होतं. उलट डोळे थोडे जास्तच वेळ मिटत.

याचा परिणाम असा झाला की कारखान्याचा माल कधी नव्हता इतका शुद्ध निघायला लागला.

"दादा, तुमचं नाक दिवसेंदिवस तिखट होत चाललंय," लॅबवाल्या बाई कागद दाखवत म्हणाल्या. "असे आकडे मी पाहिले नव्हते."

"वयाने येतं," नाकदादा म्हणाले.

मालकांनी हे आकडे एका बड्या शाईवाल्याला दाखवले. शाईवाले स्वतः बघायला आले. मालकांनी त्यांना कॉलमखाली उभं केलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता बोलू नका. नाकदादा वास घेतायत." शाईवाल्यांनी टोपी काढली. नाकदादांनी हुंगलं. पाणी हुंगलं असतं तरी तेवढंच कळलं असतं. त्यांनी डोळे मिटले, मनात अंदाज केला, त्यातून बराच वजा केला आणि मधला लावला. शाईवाल्यांनी वर्षभराचं काम देऊन टाकलं.

मधले ड्रम मात्र साठत चालले. पूर्वी बॅचला एखादा निघायचा तो पुढच्या बॅचमध्ये जिरायचा. आता जेवढे आत जायचे त्याहून जास्त बाहेर यायचे. भिंतीकडेने एक रांग झाली, तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी वळून बॉयलरच्या खोलीच्या दारापर्यंत आली. बॉयलरवाल्याचा चहा प्यायचा बाक दोनदा हलवावा लागला.

"दादा, हे मधले लग्नाला आलेत का मुक्कामाला?" त्याने विचारलं. "माझा बाक आता संडासाशेजारी गेलाय. चहा पिताना मन लागत नाही."

"शुद्ध माल हवा तर मधला निघणारच."

"तसं असेल बुवा. आम्हाला काय, आम्ही पाणी उकळणारे. पण आमच्याकडे उकळलेलं पाणी साठत नाही."

शेवटी लॅबवाल्या बाईंना राहवलं नाही. मधल्या मालाची परीक्षा कुणी करत नाही. नापास मुलाचे पेपर पुन्हा कोण तपासतो? पण बाईंनी एका मधल्या ड्रममधून बाटली भरून मशीनला लावली आणि कागद घेऊन कॉलमपाशी आल्या.

"दादा, या मधल्यात नव्वद टक्के ॲसिटोन आहे."

नाकदादा व्हॉल्व्ह पुसत होते. तो पुसलेलाच होता.

"दुसऱ्या ड्रममध्ये उलटं. जवळजवळ सगळं टोल्युइन. याला मधला कोण म्हणेल? आणि तुमचं नाक तर चुकत नाही. म्हणजे कॉलमच बिघडलाय. अंगठ्या बसल्या असतील, नाहीतर गाळ धरला असेल. मी मालकांना सांगितलंय, या बॅचनंतर कॉलम उघडायचा. सगळ्या अंगठ्या बाहेर काढून बघू."

"सगळ्या?"

"एकूण एक."

बाई गेल्या. नाकदादांनी वर कॉलमकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने कधी चूक केली नव्हती, आणि आता त्याची आतडी बाहेर काढायची ठरली होती. नाकदादांना जरा वाईट वाटलं. पण त्यांना असंही वाटलं की अंगठ्या धुवून परत भरेपर्यंत बरेच दिवस जातील, आणि दोष कॉलमचा ठरला की ड्रमांची रांगही त्याच्याच नावावर जाईल. दुसरा विचार पहिल्याहून मोठा होता. ते गप्प राहिले.

ती बॅच अजून चालू होती. दुपार. ॲसिटोनचा ड्रम भरून झाला होता. तो पंपाने मोठ्या टाकीत चढवायचा असतो. नाकदादांनी पंप चालू केला आणि पंपाच्या बाजूलाच खुर्चीवर बसून सफरचंद चिरून खायला लागले. पंपाच्या सीलमधून ॲसिटोन आधी ठिबकत होतं, मग पाझरायला लागलं. पंपाच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही असं. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीसरपट सरकते, आणि उतार बॉयलरच्या खोलीकडे होता.

बॉयलरवाला धावत आला. त्याच्या हातात चहाचा कप तसाच होता.

"दादा! पंप बंद करा! माझ्या दारात वास येतोय आणि तुम्ही इथे फळं खाताय?"

नाकदादांनी पंप बंद केला, केटल तापवणारी बॉयलरची वाफ बंद केली. बॉयलरवाल्याने परत धावत जाऊन जाळ विझवला, मग पाण्याचा पाइप आणून फरशी धुवायला लागला. लॅबवाल्या बाई तोंडाला रुमाल लावून आल्या आणि त्यांनी मागची दारं उघडली. वारा बरा होता. हळूहळू वास गेला, म्हणजे बाकीच्यांनी गेला असं सांगितलं. वीतभर पुढे सरकली असती तर ती वाफ जाळापर्यंत पोचली असती, हे तिघांनाही कळत होतं.

बॉयलरवाला बोलला. रागाने नाही, नवल वाटून. "दादा, मला दोन भिंतींपलीकडून आला. तुम्ही तर त्यात पाय सोडून बसला होतात."

नाकदादांच्या एका हातात अजून सुरी होती आणि दुसऱ्या हातात अर्धं सफरचंद. उजवा बूट ओला होता. बॉयलरवाल्याला दोन लहान मुली होत्या आणि बॉयलरपासून तो सहसा दहा पावलांच्या पुढे जात नसे.

"मला वास येत नाही," नाकदादा म्हणाले.

"आता नाही येत. आता धुतलं ना."

"आताचं नाही सांगत. पडसं झालं तेव्हापासून. काहीच येत नाही. डॉक्टर म्हणाले, येणारही नाही."

बॉयलरवाल्याने पाइप बंद केला. बाईंनी तोंडावरचा रुमाल काढला, नाकदादांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीकडच्या रांगांकडे पाहिलं. पहिली रांग, दुसरी रांग, वळून बॉयलरच्या खोलीपर्यंत आलेली तिसरी.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "म्हणजे कॉलम ठीक आहे."

"कॉलम अगदी ठीक आहे."

मालकांना बोलावलं. मालक आले ते आधी फरशीकडे, मग बॉयलरकडे, मग नाकदादांकडे बघत आले. सगळं ऐकून ते नाकदादांच्याच खुर्चीवर बसले.

"शाईवाल्यांनी टोपी काढली होती हो," ते म्हणाले.

"हो."

"मग आता फिरवायचं कधी हे कोण सांगणार? नवीन नाक कुठून आणू? जाहिरात देऊ? आणि मशीनला अर्धा तास लागतो. तुम्हीच तर म्हणता, माल थांबत नाही."

इथे नाकदादा गप्प बसले असते तरी चाललं असतं. मालकांनी दुसरं कुणाला तरी कॉलमखाली उभं केलं असतं आणि त्यानेही रोज तळहात हुंगला असता. गेलेल्या नाकाचं नाव तरी राहिलं असतं, जुन्या गवयाचं राहतं तसं. पण बूट ओला होता आणि बॉयलरवाला समोर उभा होता.

"माल थांबतो," नाकदादा म्हणाले.

"काय?"

"थांबतो. सुरुवातीला मी रिफ्लक्सवर ठेवतो ना, सगळं परत आत? तसं मध्येही ठेवता येतं. ड्रमचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आलेलं सगळं परत कॉलममध्ये सोडायचं, बाटली लॅबला द्यायची. अर्धा तास लागो, नाहीतर एक लागो. काही बिघडत नाही. उलट वरचं जास्तच साफ होतं."

मालक बाईंकडे वळले. बाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. माझ्या कसं लक्षात आलं नाही? दादा म्हणतात थांबत नाही, म्हणून आम्ही धरून चाललो."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मालकांनी विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर नाक कशाला लागलं असतं?" नाकदादा म्हणाले.

बॉयलरवाल्याने सफरचंदाकडे पाहिलं, म्हणून नाकदादांनी ते त्याला दिलं. त्याने ते न खाता हातात धरून ठेवलं.

"शाईवाल्यांना यातलं काही सांगायचं नाही," मालक शेवटी म्हणाले. "आणि उद्यापासून कॉलमखाली एकटं कुणी बसायचं नाही. ज्याचं नाक चालतं असा एक माणूस बरोबर पाहिजे. हातावर घेऊन हुंगणं बंद. नाक फक्त गळतीसाठी." मग त्यांनी विचारलं, "दादा, तुम्हाला ओट्यावर पाठवू का?"

"पाठवा. माझं म्हणणं नाही."

"म्हणणं नाही म्हणजे? हे मधले ड्रम कोण मोकळे करणार? ज्याने भरले त्यानेच करायचे. ते संपेपर्यंत तुम्ही कॉलमवर. पुढचं पुढे."

संध्याकाळी घरी नाकदादांनी बायकोला सगळं सांगितलं. ती शर्टाला बटण लावत होती. दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. बुटांना केवढा वास येतो आणि तुम्हाला पत्ता नाही, त्यावरून मी रोज अंदाज बांधत होते." तिने त्या दिवशीचे बूट दारातूनच परत बाहेर ठेवायला लावले आणि तीन वेळा सांगितलं की यापुढे गॅसच्या शेगडीला हात लावायचा नाही. नाकदादांना शेगडीला हात लावायची सवय मुळातच नव्हती, पण त्यांनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या ड्रमांची पहिली बॅच लागली. बॉयलर एका मदतनीसावर सोपवून बॉयलरवाला कॉलमखाली येऊन बसला. बाक त्याने बरोबर आणला होता. ॲसिटोन संपत आलं असं वाटलं तेव्हा नाकदादांनी ड्रमचा व्हॉल्व्ह बंद केला, परतीचा उघडला आणि बाटली भरून बाईंना दिली. काचेआडून धार येत होती आणि परत आत जात होती. करायला काहीच नव्हतं.

"आता काय?" बॉयलरवाल्याने विचारलं.

"आता थांबायचं."

"तुम्ही इतकी वर्षं हेच करत होतात?"

"नाही. मी वास घ्यायचो."

बऱ्याच वेळाने लॅबची खिडकी उघडली. "अजून ॲसिटोनच आहे," बाई ओरडल्या. "तोच ड्रम चालू ठेवा."

नाकदादांच्या अंदाजाने ते केव्हाच संपायला हवं होतं. त्यांनी व्हॉल्व्ह पुन्हा त्याच ड्रमकडे फिरवला. मग आधी भरलेला ड्रम टाकीत चढवायला ते पंपाकडे वळले. सील नवीन होतं. तरी ते खाली वाकले, बोटाने पुसून पाहिलं, बोट कोरडं निघालं. सवयीने बोट नाकाकडे जायला निघालं, ते अर्ध्यावर थांबलं.

"जरा बघ रे," ते म्हणाले.

बॉयलरवाला बाकावरून उठला, पंपाला एक फेरी घालून त्याने मागच्या बाजूने हुंगलं, पुढच्या बाजूने हुंगलं.

"काही नाही."

"नक्की?"

"दादा, माझ्या दोन मुली आहेत."

नाकदादांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि पंप चालू केला.